वाचकांचे प्रश्न : बॉडी नवी, लेन्स कोणत्या?

दिवाळी झाली की या सदराकडे कॅमेऱ्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) बाजूला ठेवून मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी घ्यायचे ठरले आहे, पण कपाटातल्या लेन्सचे काय करायचे? दुकानात बोलणे बॉडीपासून सुरू होते, मेगापिक्सेलवर रेंगाळते आणि लेन्सचा विषय निघतो तो थेट बिल करताना, जेव्हा खिशात फारसे काही उरलेले नसते. माझ्या मते हा क्रमच उलटा हवा. आपण कशाचे फोटो काढतो, त्यासाठी कोणती लेन्स लागते आणि ती आपल्याकडे आहे का, हे आधी ठरवावे. त्या लेन्सला शोभेल ती बॉडी मग निवडावी. सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून पुढे देत आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्याकडे २०१६ पासून निकॉनचा डी७२०० असून त्यासोबत १८-१४० मिमीची झूम लेन्स, ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स आणि ५० मिमी एफ/१.८ डी अशा तीन लेन्स आहेत. शाळेचे कार्यक्रम, पंचगंगेचा घाट, चैत्रातली जोतिबाची यात्रा असे फोटो मी काढते. झेड५० मार्क २ किंवा झेड५ मार्क २ यांपैकी एक घेण्याचा विचार आहे. ‘अडॅप्टर लावला की तिन्ही लेन्स चालतात’, असे दुकानदार म्हणाले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे समजण्यासाठी एक लहानशी गोष्ट पाहा. आपली ५० मिमीची डी लेन्स बॉडीवरून काढा आणि तिच्या धातूच्या माउंटवर, म्हणजे बॉडीला जोडणाऱ्या बैठकीवर, कडेला नीट पाहा. तिथे खाच असलेले स्क्रूचे बारीक डोके दिसेल. डी७२०० च्या माउंटमध्ये त्याच जागी बाहेर डोकावणारी एक लहान कांडी आहे. बॉडीतली मोटर ती कांडी फिरवते, कांडी स्क्रू फिरवते आणि लेन्स फोकस होते. फोकस करताना जो ‘खर्र खर्र’ आवाज येतो तो याच जोडणीचा. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये, म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या नळीत, ही मोटरही नाही आणि कांडीही नाही. त्यामुळे ५० मिमी डी नव्या बॉडीवर बसेल, उजेडाचे मोजमाप होईल, अ‍ॅपर्चरही (उजेड आत घेणारे लेन्सचे छिद्र; ‘एफ/’ पुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) बॉडीवरून बदलता येईल, परंतु फोकस मात्र हाताने करावा लागेल. आपल्या १८-१४० आणि ३५ मिमी या दोन्ही लेन्स एएफ-एस प्रकारच्या आहेत, म्हणजे त्यांची मोटर त्यांच्याच पोटात आहे. त्यांचा ऑटोफोकस अडॅप्टरवरही उत्तम चालेल. जुन्या लेन्सच्या नावापुढे ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ आहे की नुसते ‘एएफ’, एवढे पाहिले तरी निकॉनवाल्यांचे निम्मे प्रश्न सुटतात.

अडॅप्टरमुळे फोटोचा दर्जा घसरतो का, अशी शंका बऱ्याच पत्रांत आहे, म्हणून तेही इथेच सांगतो. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, कारण मध्ये आरसा वरखाली व्हायला जागा हवी होती. २०१८ साली आलेल्या झेड माउंटमध्ये आरसा नसल्याने हे अंतर १६ मिलिमीटरवर आले. अडॅप्टर ही मधली ३०.५ मिलिमीटरची पोकळी भरून काढणारी नळी आहे आणि तिच्यात काचच नाही. काच नाही, त्यामुळे प्रतिमा बिघडण्याचेही कारण नाही. उलटा प्रवास मात्र शक्य नाही : नवी झेड लेन्स जुन्या डी७२०० वर बसणार नाही, तेव्हा दोन्ही बॉडी वापरत राहण्याचा विचार असेल तर हे लक्षात ठेवावे.

आता दोन बॉडींपैकी कोणती? झेड५ मार्क २ फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आहे आणि आपल्या १८-१४० व ३५ या दोन्ही लेन्स डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठी घडवलेल्या आहेत. त्या फुल फ्रेम बॉडीवर लावल्या की बॉडी आपोआप सेन्सरचा मधलाच भाग वापरते आणि २४.५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून सुमारे १० मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. ए४ आकाराच्या छपाईला तेवढे पुरते, हे मी नाकारत नाही. पण फुल फ्रेमची किंमत मोजून तिचा निम्म्याहून कमी भाग वापरणे म्हणजे चार खोल्यांचे भाडे भरून दीड खोलीत राहण्यासारखे आहे. त्या बॉडीवर डीएक्स मर्यादा नसलेली आपली एकच लेन्स म्हणजे ५० मिमी डी, आणि नेमका तिचाच ऑटोफोकस गेलेला! झेड५ मार्क २ घ्यायचा असेल तर बॉडीच्या किमतीत किमान एका नव्या फुल फ्रेम लेन्सची, म्हणजे २४-१२० मिमी एफ/४ सारख्या लेन्सची, किंमत मिळवूनच हिशेब मांडावा.

आपण पत्रात लिहिले आहे की, बहुतेक फोटो १८ मिमी आणि १४० मिमी या दोन टोकांना काढलेले असतात. हे वाचून मला झेड५० मार्क २ अधिक योग्य वाटतो, कारण आपली गरज एकाच लेन्समध्ये रुंद आणि लांब दोन्ही मिळण्याची आहे. मात्र जुनी १८-१४० अडॅप्टरवर लावत बसू नये असे सुचवेन. तिचे वजन ४९० ग्रॅम, एफटीझेडच्या दुसऱ्या आवृत्तीचे १२५; दोन्ही मिळून ६१५ ग्रॅमचा लांबोडका प्रकार एका हलक्या बॉडीच्या पुढे लोंबत राहतो. झेड माउंटची नवी डीएक्स १८-१४० केवळ ३१५ ग्रॅमची आहे. १४० मिमीच्या टोकाला ती एफ/५.६ ऐवजी एफ/६.३ होते, म्हणजे किंचित कमी उजेड घेते, पण जोतिबाच्या डोंगरावरच्या उन्हात हा फरक आपल्याला जाणवणारही नाही. वर्गातल्या किंवा सभागृहातल्या फोटोंसाठी ३५ मिमी एफ/१.८ अडॅप्टरसह ठेवावी आणि जुनी १८-१४० डी७२०० सोबतच विकावी. बॉडीसोबत लेन्स असली की गिऱ्हाईक लवकर मिळते. झेड५० मार्क २ च्या बॉडीत स्थिरीकरण (हाताचे कंपन भरून काढण्याची सोय) नाही आणि ३५ मिमीमध्येही नाही, त्यामुळे अंधारात शटर फार मंद ठेवता येणार नाही. डी७२०० वरही हीच अवस्था असल्याने आपल्या हाताला त्याची सवय असेलच.

यात्रेवरून आठवले. मिररलेस बॉडीची लेन्स काढली की बहुतेक मॉडेलमध्ये सेन्सर समोर उघडा पडतो, आड यायला आरसा नसतो. गुलालाची उधळण चालू असताना लेन्स बदलण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळावा. सेन्सरवर बसलेला गुलाल नुसत्या फुंकणीने जात नाही.

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. मुलगी भरतनाट्यम् शिकते आणि तिचे कार्यक्रम गडकरी रंगायतनमध्ये आणि शाळांच्या सभागृहांत होतात. कॅनन १५००डी, सोबतची १८-५५, ५५-२५० एसटीएम आणि ५० मिमी एफ/१.८ एसटीएम या लेन्स आहेत. रंगमंचाचे फोटो फार खरखरीत येतात. फुल फ्रेम घेतल्याशिवाय हे सुधारणार नाही, असे सगळे सांगतात. आर८ घ्यावा का?

उत्तर : ‘सगळे’ सांगतात त्यात तथ्य आहे, पण किती आहे ते मोजून पाहू. कॅननच्या फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ आपल्या १५००डी च्या सेन्सरच्या अडीच पटींहून थोडे अधिक आहे. उजेडाच्या भाषेत हा फायदा साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ६४०० ला जेवढी खरखर दिसते तेवढी आता जवळपास १६,००० ला दिसेल असे समजा. आता लेन्सकडे पाहा. सभागृहात आपण ५५-२५० लांब करून वापरता तेव्हा तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ असते. त्याऐवजी एफ/२ ची लेन्स लावली तर तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा फायदा होतो आणि जिथे ६४०० आयएसओ लागत होता तिथे ८०० पुरतो. खरखरीचे मूळ सेन्सरपेक्षा लेन्समध्ये अधिक आहे. पैसा तिकडेच वळवावा, असे माझे मत आहे.

आर८ मध्ये आणखी एक अडचण आहे. कॅननचा ईएफ (डीएसएलआरचे माउंट) ते आरएफ (मिररलेसचे माउंट) अडॅप्टर फार सरळ आहे. त्यावर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही प्रकारच्या लेन्सचा ऑटोफोकस चालतो, आणि निकॉनसारखा मोटरचा प्रश्न इथे उद्भवत नाही, कारण १९८७ पासूनच्या प्रत्येक ऑटोफोकस ईएफ लेन्समध्ये मोटर आहे. परंतु १८-५५ आणि ५५-२५० या ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरच्या, लेन्स असल्याने आर८ त्यांना कापून वापरेल आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो साडेनऊवर येईल. शिवाय तसे कापल्यावर मोठ्या सेन्सरचा जो सव्वा स्टॉपचा फायदा मिळणार होता, तोही संपतो. म्हणजे त्या दोन लेन्स असलेल्या घरात आर८ नुसता आणला, तर रंगमंचाच्या फोटोत आजच्याहून फारसा फरक पडणार नाही.

सभागृहात आपण पंधरा मीटरवर बसला आहात असे धरू आणि कॅमेरा उभा धरला आहे असेही धरू. ८५ मिमीची लेन्स आर८ वर लावली तर चौकटीत सुमारे सव्वासहा मीटर उंचीचा पट्टा येतो. त्यात हात वर केलेली नर्तिका जेमतेम एक तृतीयांश उंची व्यापते, वर पडद्याची झालर आणि खाली पहिल्या रांगेतल्या लोकांची डोकी. तीच लेन्स लहान सेन्सरच्या आर१० वर लावली तर पट्टा सुमारे चार मीटरचा होतो. आणि १३५ मिमीची लेन्स आर१० वर लावली तर अडीच मीटरचा, म्हणजे घुंगरांपासून वर उचललेल्या हाताच्या बोटांपर्यंत नर्तिका चौकटीत पुरती भरते. लहान सेन्सरला लोक उगाच कमी लेखतात. लांबून फोटो काढणाऱ्याला तो फायद्याचाच असतो.

म्हणून माझी शिफारस अशी : आर१० आणि अडॅप्टर घ्यावा, आणि वापरलेली ईएफ १३५ मिमी एफ/२ चांगल्या अवस्थेत मिळते का ते पाहावे. ही लेन्स १९९६ पासूनची, पाऊण किलो वजनाची आहे आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाही रेखीव प्रतिमा देते. मिररलेस बॉडी घेणारे अनेक जण जुन्या ईएफ लेन्स विकत असल्याने ती बाजारात दिसते. बजेट तेवढे नसेल आणि पुढच्या रांगेत जागा मिळत असेल, तर ईएफ ८५ मिमी एफ/१.८ निम्म्याहून थोड्या अधिक वजनात काम भागवेल. या दोन्ही लेन्समध्ये स्थिरीकरण नाही आणि आर१० मध्येही नाही, पण नृत्यासाठी याचे वाईट वाटून घेऊ नये. अडवूवर (नृत्यातल्या मूळ पदन्यासावर) पाय आपटताना पकडायचा असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवून चालतच नाही, आणि त्या वेगाला हात हलण्याचा प्रश्न बहुतांशी मागे पडतो.

५० मिमी एसटीएम विकू नका. आपण पत्रात तक्रार केली आहे की, एफ/१.८ ला तिचा फोकस कधी डोळ्यांवर, कधी कानावर पडतो. हा दोष लेन्सचा असेलच असे नाही. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आणि फोटो टिपणारा सेन्सर वेगळे असतात, त्यांच्या जुळणीत केसभर फरक पडला की फोकस पुढेमागे होतो, आणि १५००डी मध्ये तो फरक दुरुस्त करण्याची सोय नाही. मिररलेसमध्ये फोकस फोटोच्याच सेन्सरवर मोजला जातो. त्यामुळे हीच लेन्स आर१० वर लावल्यावर ‘नवी’ झाल्यासारखी वाटली तर आश्चर्य मानू नये.

आर१० सोबत मिळणारी १८-४५ मिमी लेन्स मात्र घेऊ नये. ती एफ/४.५ पासून सुरू होते, म्हणजे आपल्याकडच्या १८-५५ पेक्षाही अंधारी आहे. पुढे कधी रोजच्या वापराची लेन्स बदलावीशी वाटली, तर सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ आता आरएफ माउंटमध्ये मिळते; २०२४ पर्यंत कॅननने दुसऱ्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सना ती वाट बंद ठेवली होती.

प्रश्न : सोनी ए६४०० वरून ए७ मार्क ४ वर जात आहे. माउंट तेच असल्याने सिग्मा ५६ मिमी एफ/१.४ आणि कॅमेऱ्यासोबतची १६-५० ठेवावी का? (नागपूर)

उत्तर : अडॅप्टर लागत नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. दोन्ही लेन्स लहान सेन्सरच्या आहेत. ३३ मेगापिक्सेलच्या बॉडीतून सुमारे १४ मेगापिक्सेल हाती येतील. ५६ मिमी विकून ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी, चित्राची चौकट जवळपास तीच राहील. १६-५० ला फार किंमत येणार नाही. ती ए६४०० सोबत घरातल्या कोणाला तरी देऊन टाका.

प्रश्न : मी दहा वर्षे पक्ष्यांचे फोटो काढतो, हिवाळ्यात भिगवणला जवळजवळ दर पंधरवड्याला जातो. कॅनन ७डी मार्क २ आणि ४०० मिमी एफ/५.६ एल ही जोडी आहे. आर७ घेतो आहे. मित्र म्हणतात, इतकी जुनी लेन्स ३२ मेगापिक्सेलला ‘पुरणार नाही’, त्याऐवजी आरएफ १००-४०० किंवा १००-५०० घे. आपले मत काय? (पुणे)

उत्तर : मित्रांना सांगा की, घाई नको. ४०० मिमी एफ/५.६ ही १९९३ ची लेन्स आहे, पण तिच्यात काचा कमी, हलणारे भाग कमी आणि काम एकच, त्यामुळे ती पूर्ण उघडी असतानाही फार चांगली प्रतिमा देते. तिचा खरा उणेपणा स्थिरीकरण नसणे हा होता. आर७ च्या बॉडीत सेन्सरच हलवून कंपन भरून काढण्याची सोय आहे आणि ती अडॅप्टरवरच्या जुन्या लेन्सलाही लागू होते. म्हणजे लेन्सचा जो दोष आपण इतकी वर्षे सोसला, तो बॉडी बदलल्यावर बराच हलका होतो. अशा वेळी लेन्सही बदलणे म्हणजे एकाच दुखण्यावर दोन वैद्य गाठण्यासारखे आहे.

‘पुरणार नाही’ या शब्दाचा अर्थ मात्र समजून घ्यायला हवा. ७डी मार्क २ च्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ४.१ मायक्रॉन आहे, आर७ ची ३.२. बारीक चाळणीत जास्त कण अडकतात, तसे बारीक पिक्सेलमध्ये लेन्सचे गुण आणि हातचे दोष दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. पहिले काही दिवस आपण संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून पाहाल आणि जुन्या कॅमेऱ्याचा फोटो बरा होता, असे वाटेल. दोन्ही फोटो एकाच आकारात छापून शेजारी ठेवले की तो गैरसमज जातो. हात हलल्याच्या दोषासाठी शटरचा वेग पूर्वीपेक्षा एक पायरी वाढवावा; उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. अ‍ॅपर्चर एफ/८ च्या पुढे नेण्यात लाभ नाही, कारण इतक्या बारीक पिक्सेलवर उजेडाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) त्यापुढे तपशील मऊ होऊ लागतो.

आणि भिगवणमध्ये दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतोच. उजनी धरणाच्या जलाशयावर ऊन चढले की पाण्यालगतची हवा थरथरू लागते. सकाळी साडेनऊ-दहानंतर दूरच्या रोहित पक्ष्यांच्या पायांकडे व्ह्यूफाइंडरमधून पाहिले तर ते वितळल्यासारखे हलताना दिसतात. त्या हवेतून कितीही महाग लेन्सने फोटो काढला तरी पिसांचे तपशील येणार नाहीत. नव्या लेन्सवर खर्च करण्याआधी एक हिवाळा पहाटेची पहिली नाव धरून पाहावी, आणि नावाड्याला जवळ नेण्याचा आग्रह न करता पक्षी आपल्याकडे येण्याची वाट पाहावी.

सुचवलेल्या दोन लेन्सपैकी आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, म्हणजे आपल्या लेन्सच्या जवळपास निम्मी, आणि तिच्यात स्थिरीकरणही आहे. परंतु ४०० मिमीला ती एफ/८ असते. आपल्या एफ/५.६ पेक्षा ती निम्माच उजेड घेते आणि पहाटेच्या नावेत हाच उजेड मोलाचा. डोंगर चढायचा असेल, फुलपाखरेही टिपायची असतील, तर ती उत्तम. आपल्या लेन्सच्या जागी मी ती घेणार नाही. १००-५०० ही पुढच्या दर्जाची लेन्स आहे यात वाद नाही. तिचा खरा लाभ जादा १०० मिमीत जेवढा नाही, तेवढा तो झूममध्ये आहे. रोहित पक्ष्यांचा थवा नावेच्या डोक्यावरून जातो तेव्हा ४०० च्या स्थिर लेन्समधून एक मान आणि दीड पंख येतात, हे आपण अनुभवले असेलच. ती खंत दरवेळी वाटत असेल तर पैसे साठवावेत. नुसती लांबी हवी असेल तर आपल्याकडच्या लेन्सला १.४ पट वाढवणारा ईएफ एक्स्टेंडर लावावा. ७डी मार्क २ वर एफ/८ ला फक्त मधला फोकसबिंदू चालत असे, ती मर्यादा आर७ वर राहत नाही.

शेवटची सूचना बॉडीविषयी. आर७ वर इलेक्ट्रॉनिक शटरने सेकंदाला ३० फोटो निघतात, पण सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला त्याला वेळ लागतो आणि वेगाने फडफडणारे पंख वाकडे उमटतात. मेकॅनिकल शटरने १५ निघतात. जुन्या बॉडीच्या १० पेक्षा ते जास्तच आहेत, त्यावरच ठेवावे.

प्रश्न : वडिलांच्या निकॉन एफएम२ ची ५० मिमी एफ/१.४ लेन्स आहे. माझ्याकडे झेड एफसी आहे. ती लावण्यासाठी एफटीझेड घ्यावा का? (मडगाव)

उत्तर : ही एकच जुनी लेन्स वापरायची असेल तर नको. त्या लेन्समध्ये बॉडीशी बोलणारे विद्युत-संपर्क नाहीत, तेव्हा एफटीझेडच्या आतले इलेक्ट्रॉनिक काम वाया जाईल. तेवढ्याच जाडीची, काच नसलेली साधी धातूची कडी पुरेशी आहे. कडी घट्ट बसते का आणि लेन्सची खूण बरोबर वर येते का, हे पाहून घ्यावे.

अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कडीने बदलायचे, फोकस हाताने. कॅमेऱ्यात फोकस पीकिंग चालू केले की रेखीव कडा रंगीत दिसतात, आणि व्ह्यूफाइंडरमधले चित्र मोठे करून पाहिले तर चूक होत नाही. एफ/१.४ ला ही लेन्स थोडी धूसर, उजेडाभोवती हलकी आभा देणारी वाटेल, एफ/२.८ पासून ती सावरते. झेड एफसीचा सेन्सर लहान असल्याने चौकट ७५ मिमीसारखी अरुंद होईल. वडील ज्या लेन्सने अख्खे कुटुंब अंगणात उभे करून टिपत असत, तिने आता दोघांचेच फोटो चांगले येतील.

प्रश्न : रत्नागिरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसमारंभांसाठी आर६ मार्क २ घेतला. ७०-२०० मिमी एफ/२.८ नवी घेणे परवडत नाही. वापरलेली ईएफ आवृत्ती अडॅप्टरवर लावणे शहाणपणाचे आहे का? घेताना काय पाहावे?

उत्तर : होय, आणि आपल्या कामाला ती शोभते. कॅननची २०१० ची दुसऱ्या आवृत्तीची ईएफ ७०-२०० एफ/२.८ लग्नांच्या धकाधकीसाठीच बनलेली आहे. नव्या आरएफ लेन्सचे वजन तिच्यापेक्षा सुमारे ४०० ग्रॅमने कमी आहे, आणि बारा तासांच्या समारंभात मनगटाला ते कळते, हे खरे. पण २०१९ च्या त्या आरएफ लेन्सला एक्स्टेंडर लावता येत नाही, ईएफला येतो. दुसऱ्या कंपनीची ईएफ माउंटची लेन्स स्वस्त मिळत असेल तर जरा जपून. काहींना मिररलेस बॉडीवर नीट चालण्यासाठी फर्मवेअर (लेन्सच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते. ते झालेले आहे का ते विचारावे, आणि विचारून न थांबता स्वतः पाहावे.

पाहायचे म्हणजे आपली आर६ आणि आपला अडॅप्टर सोबत न्यायचाच. मीही एकदा हा नियम मोडला आहे. संध्याकाळी, पिवळ्या दिव्याखाली, एका दुकानातून झूम लेन्स घेतली. काच पुढून आरशासारखी स्वच्छ होती. घरी आल्यावर मागच्या बाजूने विजेरी तिरपी धरली तेव्हा आतल्या तिसऱ्या-चौथ्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. पावतीवर ‘पाहून घेतली’ असे मीच सही करून दिले होते.

तेव्हा दोन्ही टोकांची झाकणे काढून, अ‍ॅपर्चर उघडे ठेवून, मोबाइलच्या विजेरीचा झोत तिरपा टाकावा आणि लेन्स हळूहळू फिरवत विशेषतः काचांच्या कडा तपासाव्यात. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नये, फोटोत ते उमटत नाहीत. तंतू किंवा दुधाळ पट्टा दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि सफाईनंतरही तो लेप परत येत नाही. मग बॉडीवर लावून ७०, १३५ आणि २०० मिमीला एफ/२.८ वर एखाद्या छापील मजकुराचे फोटो घ्यावेत व चारही कोपरे तुलना करून पाहावेत. एकच कोपरा सतत अस्पष्ट येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असते. स्थिरीकरण चालू-बंद करून कान लावावा. हलकी घरघर चालते, ठक्‌ ठक्‌ आवाज चालत नाही. झूमची कडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने फिरायला हवी.

रत्नागिरीच्या हवेत घेतल्यानंतरची काळजीही तितकीच गरजेची आहे. पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कापडी खोळीत लेन्स बंद करून ठेवणे म्हणजे बुरशीला आवतण देणे. चामडे ओल धरते. स्टुडिओत विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट ठेवता आले तर त्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ते नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दहा-बारा सेंटिमीटरचे आर्द्रतामापक एवढ्यावरही निभावते. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून ते पुन्हा वापरावे, मात्र ती कढई नंतर स्वयंपाकाला घेऊ नये. लग्नात पावसाची सर अंगावर आली असेल तर लेन्स लगेच डब्यात न टाकता आधी कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली तासभर ठेवावी. अडॅप्टरही लेन्ससोबत त्याच डब्यात, दोन्ही बाजूंना झाकणे लावून ठेवावा. त्याच्या आत काच नसली तरी नळीत साठलेली धूळ लेन्स बसवताना थेट सेन्सरवर जाते.